बिसिबेळे भात आणि आपली खिचडी

आपल्या धरणगांवांत दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या आळींतून चालत गेलें, तर कोठून ना कोठून तुरीच्या डाळीच्या खिचडीचा आणि लसणीच्या फोडणीचा वास येतोच. त्याच वेळीं एखाद्या घरांतून “आज पुन्हां खिचडीच का?” असा बालस्वरहि कानीं पडतो. आई बिचारी कांहीं बोलत नाहीं. अकस्मात् पाहुणा आला, तर तीच आई ओशाळून म्हणते, “आज नुसती खिचडीच टाकली आहे हो.” खिचडी म्हणजे घाईचें अन्न, आजाऱ्याचें अन्न, किंवा हात आंखडता असेल तेव्हांचें अन्न, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

परंतु याच तांदुळांस आणि याच तुरीच्या डाळीस कर्नाटकांत केवढा मान आहे, हें पाहिलें म्हणजे आपली समजूत थोडी तपासून घ्यावी असें वाटूं लागतें. तेथें डाळ, तांदूळ, भाज्या, चिंच व मसाला एकाच पातेल्यांत शिजवून जो भात करतात, त्यास ‘बिसिबेळे बात’ म्हणतात. तो लग्नाच्या पंगतींत वाढतात, देवळांत प्रसाद म्हणून देतात, आणि म्हैसूरच्या राजवाड्याशींहि त्याचें नांव परंपरेनें जोडलें जातें. हा भात कसा करावा, तो तसाच कां करावा, आणि तो समजून घेतल्यावर आपल्या घरच्या खिचडीकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. मुलांनीं हा लेख घरीं वडील माणसांस वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. कारण यांत कांहीं गोष्टी स्वयंपाकघराच्या आहेत आणि कांहीं विज्ञानाच्या तासाच्या आहेत.

प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. कानडी भाषेंत ‘बिसि’ म्हणजे ऊन ऊन, ‘बेळे’ म्हणजे डाळ आणि ‘हुळि’ म्हणजे आंबट. या पदार्थाचें पूर्ण नांव ‘बिसि बेळे हुळि अन्न’, अर्थात् ‘ऊन, डाळीचा, आंबट भात’ असें आहे. व्यवहारांत तें आंखडून ‘बिसिबेळे बात’ झालें. यांतील ‘बात’ हा आपला भातच होय. तिकडील ‘वांगीबात’ या नांवांत तर दोन्ही शब्द आपले आहेत. बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरींत होतें, आणि तंजावरास त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचें घराणें १८५५ पर्यंत नांदलें. इतका दीर्घ शेजार असल्यावर शब्दांनीं आणि पदार्थांनीं एकमेकांच्या घरीं जावें, यांत नवल तें काय?

ऊन, डाळ व आंबट हे तीन शब्द ध्यानांत ठेवावे. यांतील प्रत्येक शब्द पाककृतीचा एकेक नियम सांगतो. त्यांतहि डाळ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा असल्यानें आरंभ त्यापासूनच करूं.

डाळ व तांदूळ एकत्र शिजविण्याची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा चौदाव्या शतकांत हिंदुस्थानांत आला होता. येथील लोक मूग व तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालतात आणि सकाळीं खातात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. अकबराच्या दरबारची माहिती देणाऱ्या अबुल फजल याच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत तर खिचडीचें मापच दिलें आहे: तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकीं पांच शेर. एवढें तूप बादशहालाच परवडावें! परंतु त्या मापांत डाळ तांदुळाच्या बरोबरीची आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या इतिहासाशीं आपल्या खानदेशाचाहि संबंध आहे. सतराव्या शतकांत तावेर्निये नांवाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपुराकडे गेला. त्याच्या वाटेंत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें हीं आपल्याच परिसरांतील गांवें होतीं. नवापूरच्या तांदुळाची त्यानें फार वाखाणणी केली आहे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा शुभ्र आणि कस्तुरीसारखा सुगंधी, असें त्याचें वर्णन त्यानें केलें आहे. या देशांतील साधे लोक डाळ व तांदूळ शिजवून, वर थोडें तूप घालून सायंकाळचें जेवण करतात, हेंहि त्यानें नमूद केलें आहे. पुढें २०१६ मध्यें त्याच नवापूरच्या तुरीच्या डाळीस भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे आपल्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या एकाच गांवाचा तांदूळ तीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं वाखाणला गेला आणि डाळ आपल्या काळांत वाखाणली गेली. जळगांवच्या डाळगिरण्यांची ख्याति तर आपणां सर्वांस ठाऊकच आहे. खिचडीची सामग्री आपल्या दाराशीं आहे. तिची किंमत मात्र आपणांस पुरती कळलेली नाहीं.

ती किंमत कशांत आहे? आपलें शरीर वाढतें, स्नायु बनतात, जखमा भरून येतात, तें सर्व प्रथिनांच्या योगानें होतें. प्रथिनें अनेक अमिनो आम्लांचीं बनलेलीं असतात, आणि त्यांपैकीं कांहीं आम्लें शरीराला स्वतः बनवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात. तांदुळाच्या प्रथिनांत लायसीन नांवाचें आम्ल कमी असतें. डाळीच्या प्रथिनांत लायसीन भरपूर असतें, पण मेथिओनीन नांवाचें दुसरें आम्ल कमी पडतें. आणि तें तांदुळांत पुरेसें असतें. एकाजवळ जें नाहीं तें दुसऱ्याजवळ आहे. भिंत बांधतांना एका गवंड्याजवळ विटा असाव्या आणि दुसऱ्याजवळ चुना असावा, तसा हा प्रकार आहे. दोघे निरनिराळे बसले तर भिंत उठत नाहीं. एकत्र आले म्हणजे काम चालूं लागतें. म्हणून नुसता भात पोटभर खाणाऱ्या मुलापेक्षां डाळभात खाणाऱ्या मुलाच्या शरीराला त्या अन्नाचा उपयोग अधिक होतो. ज्यांनीं हजार वर्षांपूर्वीं खिचडी शिजविली, त्यांस या आम्लांचीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु कोणत्या अन्नावर लेकरें धरतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

आतां थोडें गणित करूं. शंभर ग्रॅम तांदुळांत सुमारे ८ ग्रॅम प्रथिनें असतात. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारे २२ ग्रॅम असतात. शाळांतून मिळणाऱ्या माध्यान्ह भोजनाचें माप तुमच्यापैकीं पुष्कळांच्या धाकट्या भावंडांशीं निगडित आहे. शाळेंत शिजविलेलें अन्न मुलांस द्यावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्व राज्यांस दिला. त्यानंतर महाराष्ट्रांत हें भोजन इतकें खिचडीशीं एकरूप झालें कीं, लोक त्यास ‘शाळेची खिचडी’ असेंच म्हणूं लागले. पहिली ते पांचवीच्या मुलामागें १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असें माप त्या योजनेंत ठरविलें गेलें, आणि त्यांतून १२ ग्रॅम प्रथिनें मिळावीं अशी अपेक्षा धरली गेली. हिशेब ताडून पाहा: तांदुळांतून ८ आणि डाळींतून ४.४, एकूण १२.४ ग्रॅम. हिशेब बरोबर जुळतो.

आतां त्यांतील डाळ निम्मी करा. प्रथिनें १०.२ ग्रॅमवर येतात. डाळ अगदींच नाममात्र ठेवली तर तीं आठांच्या आसपास राहतात. आणि त्या आठांतहि लायसीनची उणीव राहते, ती निराळीच. या ठिकाणीं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. खिचडीचा पिवळा रंग मुख्यतः हळदीचा असतो. डाळ निम्मी केली आणि चिमूटभर हळद अधिक घातली, तर ताटांतील खिचडी पूर्वीइतकीच पिवळी दिसते. डोळ्यांस फरक कळत नाहीं, जिभेस थोडासा कळतो. वाढत्या शरीरास मात्र पूर्ण कळतो, पण तें बोलून दाखवीत नाहीं.

हें कांहीं कल्पनेंतलें संकट नव्हे. २०१५ सालीं तुरीची डाळ किलोस सुमारें दोनशें रुपयांवर गेली होती. अशा वेळीं घरखर्चाची पहिली कात्री डाळीलाच लागते, कारण तांदूळ कमी केला तर पोट भरत नाहीं आणि डाळ कमी केली तर पोट भरल्यासारखें वाटतें. संसार चालविणाऱ्या माउलीस दोष देण्याचा हेतु नाहीं. तिची ओढाताण तीच जाणे. परंतु तूर महाग झाली तर मूग, मसूर, हरभऱ्याची डाळ, चवळी, मटकी यांपैकीं जें स्वस्त असेल तें घालावें. डाळीचा भाग मात्र सोडूं नये. सर्व डाळींत लायसीनचा गुण थोड्याफार फरकानें आहेच. बायबलांतील दानीएल व त्याचे तीन सोबती यांची गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासास ऐकलेली आहे. राजाच्या मेजवानीचें अन्न नाकारून त्यांनीं दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर काढले, आणि अखेरीस तेच इतरांहून अधिक टवटवीत दिसले. साधें अन्न म्हणजे हीन अन्न नव्हे, हें त्या गोष्टीवरून आपण सहज ध्यानांत आणूं शकतों.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

साहित्य — सहा माणसांसाठीं साधा तांदूळ २५० ग्रॅम, तुरीची डाळ २०० ग्रॅम, मोठ्या लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ, हळद अर्धा चमचा, मीठ चवीप्रमाणें, आणि चिरलेल्या भाज्या ३०० ग्रॅम. भाज्यांत फरसबी, गाजर, मटार, नवलकोल, शेवग्याच्या शेंगा, लहान कांदे असें जें मिळेल तें चालतें. फोडणीस तीन मोठे चमचे तूप, मोहरी, हिंग, गोडलिंबाचीं पानें, आणि मूठभर काजू किंवा शेंगदाणे. या मापांत तांदुळांतून २० व डाळींतून ४४ ग्रॅम प्रथिनें येतात; म्हणजे माणशीं साडेदहा ग्रॅमांहून अधिक. बिसिबेळे भातांत डाळ जवळजवळ तांदुळाच्या बरोबरीनें असते, हेंच त्याचें खरें वैभव आहे. काजू नसले तरी चालतें.

मसाल्यास धने दोन मोठे चमचे, हरभऱ्याची डाळ एक मोठा चमचा, उडदाची डाळ एक मोठा चमचा, मेथीचे दाणे पाव चमचा, ब्याडगी मिरच्या सात-आठ, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, लवंगा तीन-चार, खसखस एक चमचा आणि किसलेलें सुकें खोबरें दोन मोठे चमचे घ्यावें. कर्नाटकांत यांत आणखी एक वस्तु घालतात. तिचें नांव ऐकून तुम्हांस गंमत वाटेल. तिला ‘मराठी मोग्गु’ म्हणतात. मोग्गु म्हणजे कळी. सावरीच्या जातीच्या झाडाची ही सुकविलेली कळी असते. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं फाल्गुनांत लाल फुलांनीं बहरणारी जी कांटेसावर आहे, तिचेंच तें गोत. आपण तिच्या शेंगांतील कापूस उशांत भरतों आणि कानडी गृहिणी सावरीची कळी मसाल्यांत घालते. आणि तिला नांव देते मराठी! ही कळी न मिळाल्यास अडून बसूं नये. दोन लवंगा अधिक घालाव्या.

कृति — डाळ निवडून, धुवून अर्धा ते एक तास भिजत घालावी. तांदूळ धुवून वेगळा ठेवावा. तोंवर मसाला करून घ्यावा. जाड बुडाच्या कढईंत चमचाभर तेलावर दोन्ही डाळी मंद आंचेवर तांबूस होईपर्यंत परताव्या व काढून घ्याव्या. मग धने व मेथी, मग लवंगा व दालचिनी, मग मिरच्या, आणि सर्वांत शेवटीं खसखस व खोबरें. सर्व एकदम कढईंत घालूं नये. डाळीस तांबूस व्हावयास जो वेळ लागतो, तेवढ्यांत खोबरें करपतें आणि मिरची काळी पडते; मेथी करपली तर सबंध भात कडू होतो. सर्व निवलें म्हणजे कोरडेंच बारीक कुटावें. मसाल्यांत डाळी कां घालतात, असें कोणी विचारील. भाजलेल्या डाळीच्या कुटानें भाताला खमंगपणा येतो आणि रसाला दाटपणा येतो. आपण काळ्या मसाल्याच्या वाटणांत खोबरें भाजून घालतों, त्यांतला हेतु बहुतेक हाच असतो.

आतां भिजलेली डाळ हळद, चमचाभर तेल व सुमारे एक लिटर पाणी घालून शिजवावी. ती अगदीं मऊ झाली, दोन बोटांत चेपली असतां कणी लागेनाशी झाली, म्हणजे रवीनें किंवा पळीच्या पाठीनें घोटावी. त्यांत तांदूळ, भाज्या, मीठ आणि आणखी तितकेंच कढत पाणी घालून मंद आंचेवर शिजत ठेवावें. मधून मधून ढवळावें, नाहींतर बुडाला लागतें. तांदूळ शिजत आला कीं मग चिंचेचा कोळ, गूळ आणि कुटलेला मसाला घालून दहा मिनिटें चांगल्या उकळ्या येऊं द्याव्या. शेवटीं तुपाची फोडणी करून, तींत काजू अथवा शेंगदाणे तांबूस तळून, ती वरून ओतावी व झाकण ठेवावें. कुकर वापरावयाचा असेल तर डाळ, तांदूळ व भाज्या त्यांत शिजवून घ्याव्या, आणि कोळ व मसाला मागाहून पातेल्यांत घालावा.

चिंच मागाहून घालण्याबद्दल एवढा आग्रह कां, हा आपल्या तीन शब्दांपैकीं ‘आंबट’ या शब्दाचा विषय आहे. डाळीचा दाणा म्हणजे लक्षावधि सूक्ष्म पेशींची जणुं एक इमारत असते. त्या पेशी पेक्टिन नांवाच्या द्रव्यानें एकमेकींस चिकटलेल्या असतात. कढत पाण्यांत पेक्टिन विरघळतें, पेशी सुट्या होतात, आणि आपण म्हणतों डाळ शिजली. परंतु पाणी आंबट असलें म्हणजे पेक्टिन नीट विरघळत नाहीं. चिंचेंत टार्टारिक आम्ल असतें; ती आधींच पडली तर डाळीचे दाणे तासभर उकळूनहि कणीदार राहतात. टोमॅटो आधीं घातल्यानें हाच अनुभव येतो. नवशिक्या माणसाचा हा भात बिघडतो, तो बहुधा याच ठिकाणीं.

याच नियमाचा आणखी एक भाग खानदेशांतील गृहिणींच्या रोजच्या त्रासाशीं निगडित आहे. “आमच्या विहिरीच्या पाण्यांत डाळच शिजत नाहीं,” अशी तक्रार आपण ऐकतों. ती खरी असते. आपल्या काळ्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यांत कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों. त्यांतील कॅल्शियम पेक्टिनला जखडून ठेवतें आणि दाणे मऊ होऊं देत नाहीं. फार जुनी, उन्हाळाभर तापलेल्या कोठींत पडून राहिलेली डाळहि अशीच चिवट होते. यावर पुष्कळजणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्यानें डाळ लवकर मऊ होते हें खरें, परंतु डाळींतील ब१ जीवनसत्त्वाचा त्यानें नाश होतो. त्यापेक्षां पाणी आधीं उकळून, निवळूं देऊन, भांड्याच्या तळाशीं बसलेला पांढरा साका टाकून द्यावा आणि वरचें पाणी वापरावें. डाळ अधिक वेळ भिजवावी. आणि शक्य असेल तर डाळीपुरतें पाणी नळाचें किंवा पावसाचें घ्यावें. उकळल्यानें सर्वच क्षार जात नाहींत, पण बराच उपयोग होतो. सरपण व गॅस वांचतो, तो लाभ वेगळाच.

राहिला ‘बिसि’, म्हणजे ऊन, हा शब्द. हा भात ऊन असतांना पळीवरून सावकाश ओघळेल इतका आसट असावा लागतो. निवतांना तांदुळांतील पिष्ट पाणी धरून घट्ट होऊं लागतें, आणि तासाभरांत त्याच भाताचा गोळा बनतो. म्हणून चुलीवरून उतरवितांना तो आपणांस थोडा पातळच वाटला पाहिजे. पंगतीस उशीर असेल तर कढत पाण्याचा एक पेला घालून पुन्हां उकळी आणावी. गार पाणी घालूं नये.

ऊन खाण्याचें दुसरें कारण स्वादाचें नसून आरोग्याचें आहे. तांदुळावर बॅसिलस सिरिअस नांवाच्या जंतूचे बीजाणु असूं शकतात. ते उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत. भात ऊबदार जागीं तासन् तास तसाच पडून राहिला कीं ते रुजतात, जंतु वाढतात, आणि एक विष तयार करतात. तें विष मागाहून भात गरम केल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. मग उलट्या होतात, पोट बिघडतें. आपल्याकडे वैशाखांत घराच्या आंतहि किती उकडतें, हें सांगावयास नको. म्हणून शिजलेली खिचडी दोन तासांच्या आंत खाऊन टाकावी. उरलीच तर पसरट भांड्यांत लवकर निववून थंडपेटींत ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीं वाफ येईपर्यंत तापवून एकदांच खावी. दुपारची खिचडी रात्रीपर्यंत ओट्यावर झांकून ठेवणें ही काटकसर नव्हे. डबा नेणाऱ्या मुलांनींहि हें ध्यानांत ठेवावें.

इतकें सर्व समजल्यावर आपल्या खानदेशी खिचडीकडे पुन्हां पाहूं. तांदूळ व तुरीची डाळ, त्यांत कांदा, लसूण, तिखट, हळद, कधीं मूठभर शेंगदाणे. वाढतांना वरून शेंगदाण्याच्या तेलाची धार, शेजारीं ऊन कढी, भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड. कानडी भातांत तूप आहे, आपल्यांत तेल आहे. त्यांची आंबट चव चिंचेची आहे, आपली कढींतल्या ताकाची आहे. आणि ताक पानांतच खिचडीस भेटत असल्यामुळें डाळ शिजण्यास तें आड येत नाहीं. त्यांचा दाटपणा भाजलेल्या डाळींच्या कुटानें येतो, आपला शेंगदाण्यांनीं. पापड उडदाचा असला तर तीहि एक डाळच झाली. पोषणाच्या दृष्टीनें पाहिलें तर या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. एकीला राजवाड्याचें नांव लाभलें आणि दुसरीला “नुसती” हें विशेषण मिळालें, एवढाच काय तो भेद.

एका बाबतींत मात्र कानडी बहिणीचा कित्ता आपण गिरवावा. ती भाज्यांस पातेल्यांतच जागा देते. आपण खिचडीच्या दिवशीं भाजीला सुट्टी देतों. वांगें, गाजर, मटार, पालक, शेवग्याचा कोंवळा पाला यांपैकीं जें दारीं किंवा बाजारीं स्वस्त असेल तें खिचडींत चिरून घातलें, तर ज्या जीवनसत्त्वांची व क्षारांची डाळतांदुळांत उणीव असते, तीं बऱ्याच अंशीं भरून निघते. शिवाय वाढल्यावर अर्धें लिंबू पिळावें. लिंबांतील क जीवनसत्त्वामुळें डाळींतील व पाल्यांतील लोह शरीरांत अधिक शोषलें जातें. क जीवनसत्त्व फार वेळ शिजविल्यानें नष्ट होतें, म्हणून लिंबू पानांतच पिळावें, पातेल्यांत नव्हे.

विद्यार्थीमित्रहो, शेवटीं तुम्हांस एक लहानसा उद्योग सांगतों. येत्या रविवारीं घरीं खिचडी व्हावयाची असेल, तेव्हां आईच्या किंवा आजीच्या परवानगीनें तांदूळ व डाळ शिजविण्यापूर्वीं मोजून पाहा. वजनाचा कांटा नसला तरी वाटी आहेच. तीन वाट्या तांदुळांस निदान एक वाटी डाळ आहे का, तें बघा. नसेल तर वर दिलेला हिशेब वहींत मांडून घरीं वाचून दाखवा. मात्र आईवर टीका करण्यासाठीं नव्हे, तर पुढच्या बाजाराच्या यादींत डाळ आधीं लिहिली जावी यासाठीं. डाळ निवडणें, मसाला कुटणें, पातेलें ढवळणें हीं कामें मुलींइतकींच मुलांनींहि करावीं; चूल कोणाची जात विचारीत नाहीं, तसें ती मुलगा कीं मुलगी हेंहि विचारीत नाहीं.

आपण रोज प्रार्थनेंत रोजची भाकरी मागतों. ती मिळाल्यावर तिच्यांत काय आहे हें जाणून घेणें, आणि तिच्यांतील सत्त्व शिजवितांना वायां जाऊं न देणें, हाहि कृतज्ञतेचाच एक प्रकार होय. एवढें जाणल्यावर पुढच्या खेपेस दारीं पाहुणा आला, तर “नुसती खिचडी” असें न म्हणतां, “बसा, खिचडी ऊन आहे” असें म्हणून त्यास पाट द्यावा.